पान एकोणीसवरचा अंगठा

सव्वीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची दोन वर्षं मला होम पोस्टिंग मिळाली. बडोदे. दांडिया बाजारातला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ते युनिट, स्कूटरवर पंचवीस मिनिटं. रँक नायब सुभेदार, फौजेच्या भाषेत जेसीओ; ट्रेड सिग्नल. म्हणजे वायरलेस सेट, बॅटऱ्या, केबल, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या चुकांवर आरडाओरडा. पणजोबा संस्थानच्या पलटणीत शिपाई होते. त्यांची तलवार आमच्या भिंतीवर आहे. तलवार सोडून त्यांचं आणखी काही माझ्यात उतरलं असेल, तर ते अजून कुणाला दिसलेलं नाही.

निजामपुऱ्यातलं एक मंडळ दरवर्षी मला दोन शब्द बोलायला बोलावतं. मी त्यांना सेट नदीत पाडल्याचा किस्सा सांगतो. चुकीच्या साहेबांना सलाम ठोकून बरोबर साहेबांना चहा आणायला पाठवल्याचा सांगतो. लोक हसतात, नारळ देतात, मी घरी येतो. खाली लिहिलंय ते मी तिथे कधी सांगितलं नाही. सुरुवातीला तेही हसण्यासारखंच आहे.

त्या वर्षी नवरात्रात मित्रदेशाच्या सैन्याची साठ जणांची तुकडी आपल्याबरोबर संयुक्त सरावाला आली. विषय पूरबचाव. मुदत बारा दिवस. शहराबाहेर नदीकाठी कॅम्प लागला: डावीकडे आमचे तंबू, उजवीकडे त्यांचे, मध्ये दोन झेंडे. सिग्नलच्या कामासाठी मी त्यांचा लिआजन जेसीओ, म्हणजे यजमान. त्यांच्या बाजूने एक सार्जंट. देशाचं नाव मी लिहिणार नाही. सार्जंटचंही नाही, कारण ते वाचलं की देश कळतो.

सार्जंट चाळिशीचे, रुंद बांध्याचे, कमी बोलणारे. ती उणीव मी मोडक्या इंग्रजीत भरून काढायचो. रोज साडेपाचला रेडिओ नेट उघडायचं, सहाला बॅटऱ्या बदलायच्या, सातला नदीवर. त्यांच्या खांद्याला कायम चामड्याची एक बॅग. आत पानांवर नंबर छापलेली वही. रोजच्या फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन, बॅटऱ्यांचे तास, सगळं त्यात. ती वही अंगावेगळी करायची नाही असा त्यांच्याकडे नियम. ते जेवतानासुद्धा बॅग मांडीवर घेऊन बसायचे.

पाचव्या दिवशी मी त्यांना घरी जेवायला आणलं. माझ्या बायकोनं, सुनंदानं, शेव-उसळ केली होती. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या घासाला ते म्हणाले, "आणखी." सुनंदानं तेवढ्यावर त्यांना भाऊजी करून टाकलं. बाजारातून जाता-येता ते दोन शब्द शिकले होते, आणि तिसरा मी शिकवला. दारातून आत येताना म्हणायचे, "केम छो, वहिनी?"

"मजामां, भाऊजी. बसा ने. बॅग तरी ठेवा खाली, कुणी खात नाही ती."

ते हसायचे. बॅग मांडीवरच.

त्याच सुमारास कॅम्पच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर मला एक गृहस्थ भेटले. साधे कपडे, चौकडीचा शर्ट. कुठल्या खात्याचे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. न विचारण्यातच आपण मोठ्या कामात आहोत असं वाटतं.

ते म्हणाले, "जगताप साहेब, पाहुणे तुमच्या घरी येतात म्हणे."

"येतात, सर."

"चांगलं आहे. गप्पा मारा. काही कानावर पडलं तर सांगा."

एवढंच. वही उघडा, फोटो काढा, असं काही ते बोलले नव्हते. मी हे स्पष्ट लिहितोय, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःला उलटं सांगत होतो. सव्वीस वर्षं बॅटऱ्या चार्ज केलेल्या माणसाला कुणीतरी हळू आवाजात 'सांगा' म्हटलं, आणि माझी छाती दोन इंच फुगली. स्कूटरवरून घरी जाताना मी आरशात दोनदा मागे बघितलं. माझ्या मागे उसाच्या रसाची गाडी होती.

नवव्या दिवशी दसरा. दोन्ही तुकड्यांना दुपारपर्यंत सुट्टी. त्यांच्या मेजरची परवानगी काढून मी सार्जंटना नऊ वाजता घरी आणलं. बडोद्यात दसऱ्याला सकाळी फाफडा-जिलेबी. मी अर्धा तास रांगेत उभं राहून गरम आणली. सार्जंटनी सहा जिलेब्या खाल्ल्या, मी आठ. यजमानानं मागे राहू नये.

साडेदहाला पूजा. आमच्या घरात दसऱ्याला तलवार खाली उतरते आणि तिच्याबरोबर घरातली सगळी अवजारं पाटावर येतात. माझी टूलकिट, सुनंदाची शिवणाची कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, विळीसुद्धा. सुनंदा म्हणाली, "भाऊजी, तुमचंही काही ठेवा."

सार्जंटनी खिशातून पक्कड काढली. जुनी, काळ्या मुठीची. केबल तोडायची, सोलायची, सगळं त्या एका पकडीनं. पाटावर तलवारीशेजारी त्यांनी ती नीट सरळ ठेवली. मी प्रत्येक वस्तूला अंगठ्यानं कुंकू लावलं.

"आता हे आज उचलायचं नाही," सुनंदा म्हणाली. "आज हत्यारांना सुट्टी. उद्या न्या."

"उद्या," सार्जंट म्हणाले.

मग तिनं ताटलीत आपट्याची पानं घेतली. "चला, खालच्या देवळात सोनं ठेवून येऊ. पण भाऊजी, ही चामड्याची बॅग देवळात नको ने. इथं ठेवा."

सार्जंट थांबले. हात पट्ट्यावर. त्यांनी सुनंदाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "माझं घर आहे, सार्जंट. इथं कुणी हात लावणार नाही."

त्यांनी बॅग खुर्चीवर ठेवली. मला म्हणाले, "तुम्ही?"

"समई तेवतेय. मी थांबतो."

दोघं जिना उतरले. अकरा वाजून दहा मिनिटं. मी दार लोटलं, बॅग उघडली, वही काढली. लिपी वाचता येत नव्हती, आकडे तेवढे ओळखीचे. जिथे आकडे जास्त होते आणि जिथे मजकूर ताजा वाटला, अशी आठ पानं निवडली. वही डाव्या हातात, उजव्या अंगठ्यानं पान दाबून धरलेलं, आणि मोबाइल टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर ठेवून नाकानं बटण दाबत मी फोटो काढले. माझ्या हेरगिरीचा हा एकमेव प्रसंग. नाकानं. अकरा सतराला बॅग जागेवर, पट्टा होता तसा. अकरा पंचवीसला ते वर आले. सार्जंटनी बॅग खांद्याला लावली. उघडून बघितली नाही. माझं घर होतं ना.

दहावा दिवस. सकाळी सात वाजता मी टपरीवर फोटो दिले. चौकडीवाले साहेब आधी चमकले. मग एकेक फोटो मोठा करून बघायला लागले.

"जगताप साहेब, हे लाल काय आहे?"

"कुठे, सर?"

"प्रत्येक पानावर. हा तुमचा अंगठा. फार छान आलाय. या फोटोत अंगठा उचललाय, तरी मागे छाप दिसतोय."

कुंकू. त्याखाली आठ जिलेब्यांचा पाक. मी हात धुतले नव्हते. अशी शाई सरकारी छापखान्यातसुद्धा बनत नसेल. आणि छाप माझ्या उजव्या अंगठ्याचा. केबल सोलताना सुरी लागून त्यावर आडवी खूण राहिली आहे, ती पानावर पांढऱ्या रेघेसारखी स्वच्छ उमटलेली.

साहेबांनी आपला फोन खिशात घातला. "मी असं काही सांगितलं नव्हतं," म्हणाले आणि चहा अर्धा टाकून गेले.

मी धावत कंट्रोल टेंटमध्ये आलो. सात पंचवीस. सार्जंट बोटीनं पलीकडच्या काठावर पोचले होते. पहाटे नेट उघडताना त्यांना आजचं कोरं पान पुरलं असणार; साडेसातला बॅटऱ्यांचे तास लिहायला ते मागची पानं उघडणार. माझ्या हातात होता फक्त रेडिओ, आणि नेटवर दोन्ही देशांचे सगळे सेट. शहाणा माणूस गप्प बसला असता. सार्जंटना परत आल्यावर एकट्याला गाठून सांगितलं असतं. मी हँडसेट उचलला. माझा कॉलसाइन बनियन वन, सार्जंटचा बनियन टू.

"बनियन टू, बनियन वन. मेसेज. ओव्हर."

"बनियन टू. सेंड. ओव्हर."

"बनियन वन. बॅग ठीक आहे का? ओव्हर."

खरखर. "बनियन टू. बॅग ठीक. का? ओव्हर."

काय सांगू? तोंडात आलं ते बोललो. "बनियन वन. काल आत फाफडा सांडला असेल. इथे आल्यावर बघा. आता उघडू नका. ओव्हर."

उघडू नका म्हटल्यावर माणूस काय करतो? चाळीस सेकंद काही नाही. मी घड्याळ बघत होतो. मग त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"बनियन टू. फाफडा नाही. लाल आहे. आउट."

'ओव्हर' म्हणजे तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे संपलं. सव्वीस वर्षांत मी तो शब्द लाख वेळा ऐकला असेन.

मागे वळलो तर टेंटच्या दारात त्यांचे मेजर उभे होते. कानाला हेडफोन. सेटवर आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलले, आणि बोट परत निघाली.

नऊ वाजता त्यांच्या टेंटमध्ये चौकशी. टेबलावर वही, पान एकोणीस उघडं. एका बाजूला सार्जंट सावधान, दुसऱ्या बाजूला मी. मेजरनी मुद्दाम इंग्रजीत विचारलं, मला कळावं म्हणून.

"हा अंगठा कुणाचा?"

"माझा, सर," सार्जंट म्हणाले.

"कसा?"

"काल यजमानांच्या घरी पूजा होती. मी हत्याराला कुंकू लावलं. हात न पुसता वही उघडली."

"वही अंगावेगळी केली होती?"

"देवळात जाताना. पंधरा मिनिटं. चूक माझी, सर."

मेजरनी त्यांचा अंगठा बघितला. कोरा, कुठे खूण नाही. मग माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

सावधानमध्ये मूठ बंद असते आणि अंगठा पुढे, पँटच्या शिवणीला लागून सरळ. ग्राउंडवर हे मी शेकडो रिक्रूटांना ओरडून शिकवलंय. त्या सकाळी माझा अंगठा मुठीच्या आत होता.

"जगताप साहेब, हे म्हणतात ते खरं आहे?"

एक वाक्य बोलायचं होतं. पेन्शनला चौदा महिने राहिले होते. सार्जंट समोरच्या कनातीकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो असं मला वाटतं. तशी खात्री नाही.

मी म्हणालो, "येस, सर."

अकरा वाजता सार्जंटच्या बाहीवरच्या पट्ट्या उतरल्या. वही बाहेर सोडल्याबद्दल रँक गेली, ते कॉर्पोरल झाले. दुपारी दोनला त्यांना विमानतळावर नेणारी गाडी आली. मी वीस पावलांवर उभा होतो. ते गाडीत चढले, मग परत उतरले आणि माझ्याकडे आले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बरं झालं असतं.

ते म्हणाले, "वहिनींना सांगा, पक्कड राहिली."

मेजर काही मूर्ख नव्हते. अंगठा कुणाचा ते त्यांना कळलं होतं, पण त्यांच्याच माणसानं कबुली दिली होती. त्यांनी वर कळवलं. सराव दोन दिवस आधी बंद झाला. समारोपाच्या परेडला दोन्ही झेंडे एकत्र उतरायचे होते. त्यांनी आपला झेंडा सकाळीच उतरवून, घडी घालून नेला. आमचा एकटा काठीवर, शेजारी रिकामी काठी. पेपरात खराब हवामानाचं कारण आलं. त्या दिवशी बडोद्यावर एक ढग नव्हता. दिल्लीत त्यांच्या वकिलातीनं पत्र दिल्याचं कानावर आलं. पुढच्या वर्षीचा त्यांच्याकडचा सराव रद्द झाला. आपण त्यांना पूरबचावाच्या बोटी देणार होतो, त्याचा कागद सहीला तयार होता, तो फायलीत गेला. मला कुणी काही विचारलं नाही. एक साहेब जाता-जाता म्हणाले, "फाफडा, जगताप साहेब? फाफडा?" ठरलेल्या तारखेला मी सन्मानानं निवृत्त झालो.

त्याआधी एकदा चौकडीवाले पुन्हा भेटले. पानांचं भाषांतर झालं होतं. सहा पानं बॅटऱ्यांची. एका पानावर फ्रिक्वेन्सी, पण ती रोज पहाटे बदलते, म्हणजे शिळी. आठवं पान एकोणीस नंबरचं. त्यांनी माझ्यासमोर फोटोची प्रत ठेवली, प्रत्येक शब्दाखाली मराठी लिहिलेली, आणि दुसरीकडे बघत बसले.

त्यावर लिहिलं होतं: 'मेजरसाहेबांच्या सूचनेप्रमाणे यजमान जेसीओबद्दल. बोलका माणूस. घर चांगलं. कामाची माहिती मी विचारलेली नाही. ज्या घरात जेवतो तिथे विचारणं बरं नाही. यापुढेही विचारणार नाही.'

त्यांनाही सांगितलं होतं. आणि माझ्या लाल अंगठ्याचा छाप बरोबर 'जेवतो' या शब्दावर होता.

पाच वर्षं गेली. मी गोरव्यात एका इंजिनिअरिंग कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगा उघडून तपासतो. हसू नका, खरंच हेच काम आहे.

दोन देशांचं पुन्हा जमलं. गेल्या हिवाळ्यात त्यांची तुकडी सरावाला परत आली, आणि एका रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या दाराची बेल वाजली. मेजर होते. आता कर्नल. केस पांढरे, साध्या कपड्यांत. सुनंदानं चहा ठेवला. त्यांनी विचारायच्या आत तीच म्हणाली, "आमचे भाऊजी कसे आहेत? पक्कड न्यायला येतो म्हणाले होते."

कर्नलनी कप खाली ठेवला.

आदल्या पावसाळ्यात त्यांच्या देशात पूर आला. कॉर्पोरल दोर घेऊन पलीकडे जात होते, सराव केला होता तसंच. बोटी कमी होत्या म्हणून एका बोटीत जास्त माणसं. एका कुटुंबातली चार माणसं त्यांनी चढवली, मग जागा उरली नाही. ते दोर धरून पाण्यात राहिले. बोट परत आली तेव्हा दोर होता.

मी बोटींचा कागद आठवून काहीतरी बोलायला गेलो. कर्नल म्हणाले, "ते जोडू नका." मी जोडतो.

मग ते म्हणाले, "युनिटच्या दगडावर त्याचं नाव कॉर्पोरल म्हणून कोरलंय. तो सार्जंट होता. मीच त्याला तुमच्याकडून माहिती काढायला सांगितलं होतं, आणि त्यानं मला ते पान लिहून दिलं. पट्ट्या मी उतरवल्या. मी माझा जबाब दिलाय. तो एकटा पुरत नाही. दुसरा जबाब कुणाचा लागतो, ते तुम्हाला माहीत आहे."

सुनंदा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. पाच वर्षं ती मला विचारत होती, भाऊजींना एक फोन लावा ने, आणि मी नंबर हरवला म्हणत होतो.

मी तिच्यासमोरच सांगितलं. नाकानं बटण दाबल्याचंही सांगितलं. कुणी हसलं नाही.

सगळं ऐकून ती म्हणाली, "बॅग मी ठेवायला लावली त्यांना." मग कप उचलता उचलता, "देवासाठी लावली होती. तुमच्यासाठी नव्हती लावली."

मी टेबलाशी बसून जबाब लिहिला. दीड पान. वेळा सगळ्या आठवत होत्या: अकरा दहा, अकरा सतरा, सात पंचवीस. खाली नाव, रँक, सही. कर्नल म्हणाले, पान एकोणीसची प्रत फायलीत आहे, ताडून बघतील. मी देवघरातून कुंकवाची वाटी आणायला उठलो. सुनंदानं ती माझ्या हातात दिली नाही. स्वतः आणून टेबलावर ठेवली आणि आत गेली. मी अंगठा बुडवून सहीखाली उमटवला. आडवी रेघ स्वच्छ आली.

पक्कड घेऊन जा म्हणालो, तर कर्नलनी देवघरातल्या पाटावर तशीच राहिलेल्या त्या पकडीला नुसता हात लावला. म्हणाले, "त्यानं ठेवलीय, राहू दे."

चार महिन्यांनी फोटो आला. दगड, त्यावर त्यांच्या लिपीत नावांच्या ओळी. एका ओळीतला पहिला शब्द बाकीच्यांपेक्षा नवा, कोरलेला दगड अजून पांढरा. खाली कर्नलनी इंग्रजीत लिहिलं होतं, 'सार्जंट'. फोटो सुनंदाकडे आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोलते, पण भाऊजींचा विषय निघाला की भिंतीकडे बघून बोलते.

यंदाच्या दसऱ्याला तलवार खाली उतरली, कात्री आली, टूलकिट आली. काळ्या मुठीची पक्कड तलवारीशेजारी. बाकी सगळ्यांना मी कुंकू लावलं. पकडीला सुनंदानं लावलं. त्या पकडीला मी हात लावायचा नाही, असं ठरलंय. ती लावत असताना मी दोन पावलं मागे सावधान उभा राहिलो आणि त्यांची रँक आणि नाव मोठ्यानं म्हणालो. नाव इथे लिहीत नाही. घरात म्हणतो. अंगठा शिवणीवर होता.